जास्वंदीवरील पिठ्या ढेकणासाठी परजीवी माशी कशी राखावी

ठाणे आणि नवी मुंबईतील गॅलऱ्यांत गणपतीच्या पूजेसाठी जोपासलेल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसू लागला, की बहुतेक जण लगेच कीटकनाशक फवारतात. ही घाई टाळावी, कारण त्या पिठ्या ढेकणांच्या पोटात ‘एनासियस ॲरिझोनेन्सिस’ ही जेमतेम दोन मिलिमीटरची परजीवी गांधीलमाशी वाढत असण्याची शक्यता असते. ती माणसाला डसत नाही. मोहम्मद हयात यांनी 2009 मध्ये भारतातील नमुन्यांवरून तिला ‘एनासियस बंबावालेई’ म्हटले होते. जुन्या कृषी पुस्तिकांत हे नाव आढळल्यास तीच माशी समजावी.

प्रथम कीड ओळखावी. ही माशी कपाशीवरील, पण जास्वंदीवरही येणाऱ्या पिठ्या ढेकणावर वाढते, ज्याच्या पाठीवरील मेणाच्या थरात गडद ठिपक्यांच्या जोड्या दिसतात. जास्वंदीवर येणाऱ्या दुसऱ्या, गुलाबी पिठ्या ढेकणासाठी मात्र तिची आशा धरू नये.

मग भिंगातून फांदी न्याहाळावी. मादी ढेकणाच्या पिल्लात अंडे घालते, अळी त्याला आतून खात जाते आणि अखेरीस त्याचे तपकिरी, कडक, फुगीर कवच उरते, ज्याला ममी म्हणतात. ममीच्या मागच्या टोकाला गोल भोक असेल तर माशी उडून गेली आहे. भोक नसलेल्या ममीच आपल्या कामाच्या.

अशा ममी असलेली पाने खुडून काचेच्या बरणीत टिपकागदावर ठेवावीत, तोंडाला मलमलचे फडके रबराने घट्ट बांधावे आणि बरणी सावलीत ठेवावी; पावसाळ्यात आपल्याकडील दमट हवेमुळे बुरशी लवकर धरते, म्हणून कागद ओलसर होताच बदलावा. माशा दिसू लागल्यावर फडक्याला आतून पातळ मधाचे बोट लावावे आणि सकाळी किंवा संध्याकाळी बरणी कीड असलेल्या दुसऱ्या कुंडीजवळ उघडावी. झाडावर पुरेशा ममी असतील तर खरे तर एवढाही खटाटोप नको; फांदी तशीच राहू द्यावी.

खरी अडचण मुंग्यांची असते. गोड चिकट स्रावासाठी त्या ढेकणांची राखण करतात आणि माशीला जवळ फिरकू देत नाहीत. खोडाला कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्यावा आणि गॅलरीच्या कठड्याला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, नाहीतर मुंग्या तिथून चढतात. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवू नये. तिच्यात डास होतात.