टर्बो बसवलेली मियाटा थंड कशी ठेवावी : रेडिएटरच्या पुढची आणि मागची हवा

माझदाची एमएक्स-5, म्हणजेच मियाटा, 1989 मध्ये बाजारात आली तेव्हा तिचे 1.6 लिटरचे इंजिन सुमारे 115 अश्वशक्ती देत असे आणि तेवढ्यासाठी तिचा रेडिएटर पुरेसा होता. त्याच इंजिनाला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र, जोडून शक्ती दुपटीच्या जवळ नेली की बाहेर टाकावी लागणारी उष्णताही वाढते, पण बंपरचे तोंड तेवढेच राहते आणि त्या तोंडातच आता टर्बोतून निघालेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलर येऊन बसतो. अशा वेळी बहुतेक जण सर्वांत आधी जाड अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर मागवतात. माझ्या मते मूळ रेडिएटर धड असेल, तर हा खर्च सर्वांत शेवटी करावा, कारण हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जात असेल तर तो कितीही जाड असला तरी उपयोग नाही. अपवाद एकच : मूळ रेडिएटरची प्लॅस्टिकची वरची टाकी जुनी होऊन तपकिरी पडली असेल, तर ती कधीही तडकू शकते आणि असा रेडिएटर लगेच बदलावा.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी गाडी नेमकी केव्हा तापते ते पाहावे. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नये. तापमान बरेच वाढले तरी तो मध्यापासून फारसा हलत नाही, म्हणून अंश दाखवणारा वेगळा गेज बसवावा. सिग्नलला उभी असताना तापणाऱ्या गाडीचा दोष पंखा, तो सुरू करणारा विजेचा स्विच (रिले) किंवा पंख्याभोवतीचे आवरण (श्राउड) यांत शोधावा. हायवेवर एकसारख्या वेगात तापमान चढत असेल, तर पंख्याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. तिथे हवेची वाट चुकते आहे असे समजावे.

रेडिएटरमधून हवा जाते ती पुढचा दाब मागच्या दाबापेक्षा जास्त असतो म्हणून. ताशी 100 किलोमीटर वेगाला वाऱ्याचा पूर्ण दाब जेमतेम 460 पास्कल, म्हणजे पाण्याच्या सुमारे 47 मिलिमीटर उंचीइतका असतो. एवढ्या तुटपुंज्या भांडवलातला काही भाग रेडिएटरच्या कडेने, वरच्या पट्टीखालून किंवा बंपरच्या पोकळीतून गळू देणे परवडत नाही. म्हणून बंपरच्या तोंडापासून रेडिएटरच्या चारही कडांपर्यंत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची बंद वाट तयार करावी आणि पत्रा जिथे रेडिएटरला भिडतो तिथे बंद पेशींचा फोम चिकटवावा. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधली फटही बाजूंनी बंद करावी, नाहीतर इंटरकूलरमधून आलेली हवा त्या फटीतून बाहेर पळते. अंधारात बॉनेट उघडून रेडिएटरच्या मागून टॉर्च धरावा आणि समोरून पाहावे. जाळीखेरीज जिथून उजेड दिसेल, ती प्रत्येक जागा बुजवायची असते. नंबरप्लेट तोंडाच्या मधोमध असेल आणि स्थानिक कायदा परवानगी देत असेल, तर ती बाजूला सरकवावी.

काम साधले की नाही, हे मोजता येते. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून एका फळीवर बांधावी, तिच्यात रंगीत पाणी भरावे, एक टोक रेडिएटरच्या पुढे आणि दुसरे मागे न्यावे, आणि सुरक्षित रस्त्यावर शेजारी बसलेल्या माणसाला दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक वाचायला सांगावा. नळीची टोके झोताला आडवी राहतील हे बघावे. मग एकेक टोक केबिनमध्ये मोकळे ठेवून वाचन घेतले की पुढचा दाब अपुरा आहे की मागचा दाब जास्त आहे, ते कळते.

मागचा दाब जास्त निघाला, तर हवेला बाहेर पडायला जागा नाही. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे : गाडीच्या पोटाखालचे आवरण, म्हणजे अंडरट्रे, काढला की हवा मोकळी होईल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बंपरखालून येणारी हवा तिथून वर घुसते, इंजिनच्या कप्प्यातला दाब वाढवते आणि रेडिएटरमागची वाट अडवते, म्हणून अंडरट्रे हरवला असेल तर तो पुन्हा बसवावा. बॉनेटला झरोके पाडायचे असतील, तर ते रेडिएटरच्या लगेच मागे, बॉनेटच्या पुढच्या अर्ध्या भागात पाडावेत. विंडशील्डच्या पायथ्याशी हवा अडून दाब वाढतो, त्यामुळे तिथले झरोके किंवा बॉनेटची मागची कड उचलून ठेवणारे तुकडे उलटा परिणाम करू शकतात. पत्रा कापण्यापूर्वी बॉनेटवर लोकरीचे छोटे धागे चिकटपट्टीने लावून दुसऱ्या गाडीतून त्यांचे चित्रण केले, तर हवा कुठे पृष्ठभागाला धरून वाहते आणि कुठे घोटाळते ते स्पष्ट दिसते.

हवेची वाट नीट झाली की पाण्याकडे वळावे. हे इंजिन मुळात आडव्या बसवणीच्या, पुढची चाके फिरवणाऱ्या माझदा गाड्यांच्या घराण्यातले आहे. मियाटात ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवताना थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, सिलिंडर हेडच्या पुढच्या बाजूला आणला गेला. त्यामुळे पाणी पुढूनच आत येते, पुढूनच बाहेर पडते आणि मागच्या चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला कमी प्रवाह येतो. थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेऊन पाण्याची वाट बदलणारा फेरफार, म्हणजे रीरूट, या गाडीसाठी सर्वांत मोलाचा बदल आहे, विशेषतः ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी. कमी अंशांवर उघडणाऱ्या थर्मोस्टॅटने मात्र क्षमता वाढत नाही. गाडी फक्त थोडी उशिरा तापते. रेडिएटरची टोपी दाब धरते का, तेही तपासावे : 0.9 बारची टोपी धड असेल, तर निव्वळ पाणीसुद्धा सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. तापलेल्या इंजिनाची टोपी कधीही उघडू नये.

पाणी भरताना गाडीचे नाक उंच ठेवावे, हीटर पूर्ण गरमवर करावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत थांबावे. त्यानंतर एका वेळी एकच बदल करून त्याच रस्त्यावर, त्याच वेगात चाचणी घ्यावी आणि नोंद करताना कूलंटचे नुसते तापमान न लिहिता ते बाहेरच्या हवेपेक्षा किती अंशांनी जास्त होते ते लिहावे, कारण जानेवारीतली आणि मे महिन्यातली वाचने एकमेकांशेजारी ठेवण्याचा तेवढाच एक खात्रीचा मार्ग आहे.