टेबलावर चाललं म्हणजे सहावी पायरी नव्हे

टीआरएल, म्हणजे तंत्रज्ञान वापरासाठी किती तयार झालंय ते मोजायची शिडी. तिच्या नऊ पायऱ्या तुम्हाला पाठ असतीलच. मलाही होत्या. चौथी प्रयोगशाळेतली, सहावीला प्रतिकृती प्रत्यक्षासारख्या वातावरणात चालवून दाखवायची. या 'वातावरणा'नेच माझा घात केला.

तेव्हा मी डिचोलीहून रोज व्हेर्ण्याला जायचे. छोटी कंपनी, पत्र्याचं छप्पर, उपग्रहासाठी वीजपुरवठ्याचा बोर्ड. टेबलावर आठ-आठ तास चालवला, रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) ५२ अंशांच्या वर गेला नाही. कंपन चाचणीतूनही सुटला. मी अहवालात बिनधास्त 'टीआरएल ६' लिहिलं. सोल्डरिंग करणारे काका तेवढं म्हणाले, "बाय, थंय वयर फॅन आसा?" मी हसले.

बेंगळुरूला थर्मोव्हॅक चेंबरमध्ये, म्हणजे निर्वातात गरम-थंड करून बघायच्या पेटीत, बोर्ड ठेवला, हवा काढली, खालची प्लेट ४० अंशांवर धरली. पस्तीस मिनिटांत रेग्युलेटर ११८ वर जाऊन आपोआप बंद पडला. थोडा निवला की चालू, पुन्हा बंद. चेंबर दोनच दिवस मिळाला होता.

आता हे नीट ऐका, कारण शिकवताना यावरून सगळे भरभर पुढे जातात. टेबलावर तुमच्या बोर्डाची निम्मी उष्णता हवा गुपचूप घेऊन जात असते. पंखा नसला तरी गरम हवा वर जाते, गार हवा तिची जागा घेते. निर्वातात हे होतच नाही. उष्णतेला दोनच वाटा उरतात, धातूतून वाहत जाणं किंवा प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, बाहेर पडणं. एवढ्याशा भागाचं प्रारण १०० अंशांच्या आसपास किरकोळच असतं. म्हणजे रेग्युलेटरपासून डब्याच्या पायापर्यंत सलग वाट तुम्हीच करून द्यायची. आमच्या बोर्डात त्या वाटेवर दोन मिलिमीटरची फट होती. तिथे उष्णता वाहून नेणारा थर्मल पॅड घातला, बोर्डात तांब्याच्या व्हाया (आरपार जाणारी तांब्याची भोकं) वाढवल्या आणि डबा प्लेटला चार स्क्रूंऐवजी आठांनी आवळला. पुढच्या फेरीत ७१ अंश.

'मंगळावरच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये मोबाइलचाच प्रोसेसर होता' म्हणून शॉर्टकट सुचवणारे भेटतील. स्नॅपड्रॅगन ८०१ होता, खरंय. पण ते हेलिकॉप्टर नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या चेंबरमध्ये मंगळाइतक्या विरळ वातावरणात उडवून पाहिलं होतं, आणि ते पडलं असतं तरी त्याला घेऊन गेलेल्या पर्सिव्हरन्स रोव्हरचं काम अडणार नव्हतं. तुमचा वीजपुरवठा पडला तर अख्खा उपग्रह गेला. 'होऊन जाईल' म्हणणाऱ्या मार्गदर्शकापासूनही चार हात लांब राहा. माझे तसेच होते, आणि चाचणीच्या दिवशी त्यांचा फोन लागत नव्हता.

घाबरू मात्र नका. आमच्या वेळेपेक्षा आता उडायची संधी जवळ आहे. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा काम झाल्यावर फुकट जायचा, तो आता पोएम म्हणून प्रयोगांसाठी वापरतात. डिसेंबर २०२४च्या पोएम-४वर २४ प्रयोग होते, त्यात चवळीला कोंबसुद्धा फुटले. इन-स्पेस या सरकारी संस्थेमार्फत नवख्या कंपन्या आणि कॉलेजंही तिथे पोचतात. पहिला अर्ज फेटाळला तर रडा (मी रडले), आणि दुसरा करा.

आमच्या खोलीत हल्ली चाचणी चालू असली की बोर्ड बंद डब्यात आणि पंखा बंद. निर्वाताची सर त्याला येत नाही, पण आकडा कमी खोटा येतो. मे महिन्यात सगळे मला शिव्या घालतात. काका सोडून.