कुत्रा घेऊन पुण्यात आलात? आधी जंतांचं बघा

अकोला सोडून मी इथे आले त्याला आता बरीच वर्षं झाली. वऱ्हाडातून, मराठवाड्यातून नोकरीसाठी वाकड-हिंजवडीला, खराडीला येणारे कितीतरी जण कुत्रा सोबत आणतात. व्हेट कुठला चांगला, डॉग पार्क कुठे आहे, असं मला विचारतात. मी त्यांना उलट विचारते, जंतांचं काय केलंत?

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन अशी तापते की हूकवर्म या जंताच्या अळ्या उन्हात सुकून मरतात. इथे सोसायटीची लॉन आणि पार्कातलं गवत भर उन्हाळ्यातही पाणी मारून हिरवं ठेवतात, आणि जूनपासून पाऊस असतोच. ओली, सावलीतली, उबदार माती या अळीला फार मानवते. शीतून पडलेली अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि साधारण आठवड्याभरात अळी दुसऱ्या कुत्र्यात शिरायला तयार होते. ती तोंडावाटे जाते, तशी पंजाच्या कातडीतूनही आत जाते. आत गेल्यावर हा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. पिल्लाच्या हिरड्या फिकट दिसल्या किंवा शी काळी होऊ लागली तर उद्यावर ढकलू नका. पिल्लं यात दगावतात.

राउंडवर्म या दुसऱ्या जंताचं वेगळं आहे. त्याची अंडी ताज्या शीत असतात तेव्हा लागण करत नाहीत, त्यांना तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. पण एकदा मातीत मिसळली की वर्षानुवर्षं टिकतात, फिनाइल टाकूनही जात नाहीत. म्हणून शी तिथल्या तिथे पिशवीत उचला. माळी नंतर साफ करेल, यावर विसंबू नका. टेकडीवर फिरायला नेलंत तरी पिशवी खिशात हवीच.

नवीन आलेल्या बहुतेकांकडून ऐकते, ‘गोळी दिलीय की!’ गोळी म्हणजे लस नव्हे. ती त्या वेळी आतड्यात असलेले जंत मारते. पुढच्या आठवड्यात पार्कातून नवे येऊ शकतात. पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला आणि मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला औषध देतात. पार्कात जाणाऱ्या मोठ्या कुत्र्याला वर्षातून किमान चारदा द्यावं. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या लॅब्रॅडॉरची उरलेली गोळी आपल्या पॉमेरेनियनला देऊ नका. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो टेपवर्म. तो बहुतेकदा पिसवांमधून येतो, म्हणून पिसवांचा बंदोबस्त केल्याशिवाय नुसत्या गोळीने तो परत येतच राहतो.

जिआर्डिया तर जंतही नाही, एकपेशीय जीव आहे. पावसाळ्यातली डबकी आणि पार्कातलं सगळ्यांचं मिळून एक पाण्याचं भांडं, इथून तो येतो. शी पातळ, चिकट, घाण वासाची होते, दोन दिवस बरी वाटते आणि पुन्हा तसंच. जंतांची नेहमीची एक गोळी त्याला पुरत नाही. डॉक्टर काही दिवसांचा कोर्स देतात, आणि कोर्स संपताना कुत्र्याला नीट अंघोळ घालावी लागते, कारण मागच्या केसांना चिकटलेला जिआर्डिया कुत्रा पुन्हा चाटतो. घरचं पाणी आणि वाटी सोबत न्या, एवढ्याने पुष्कळ वाचतं.

पहिल्या भेटीलाच डॉक्टरांकडे शीची तपासणी मागा. नमुना सकाळचा ताजा, झाकणाच्या डबीत न्या; उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. एकदा रिपोर्ट कोरा आला म्हणून निर्धास्त होऊ नका. व्हिपवर्म हा आणखी एक जंत आणि जिआर्डिया रोज शीत दिसत नाहीत, लक्षणं असतील तर दोन-तीन दिवसांचे नमुने द्यावे लागतात.

घरात रांगतं मूल असेल तर हे सगळं दुप्पट जपा. राउंडवर्मची अळी माणसाच्या शरीरातही फिरते, क्वचित डोळ्यापर्यंत पोचते. कुत्री फिरतात त्या लॉनवर मुलांना अनवाणी सोडू नका, आणि खेळून आल्यावर खाण्याआधी हात साबणाने धुवून घ्या.