पावसाळ्यात शॉट घ्यायचेत? मग आदल्या दिवशीच कामाला लागा

लेसरने निर्वात फटीत विजेची ठिणगी पाडायची, अशी एकेक ठिणगी म्हणजे एक शॉट. जुलैत मुंबईत त्याचा निर्वात चेंबर उघडला की आतल्या भिंती ओलावा धरतात आणि तोच ओलावा मग पंपाला दिवसभर दमवतो. म्हणून शॉट उद्या असतील तर चेंबर आजच बंद करा. उघडावाच लागला तर आत कोरडा नायट्रोजन भरून. झाकण लावण्याआधी ओ-रिंगवर (झाकणाखालची रबरी कडी) नीट उजेड टाकून बघा, एक केस अडकला तरी गळती होते. आधी रोटरी पंप, मग दाब आणखी खाली नेणारा टर्बो पंप. खालचा दाब वाचायला पिरानी गेज (दाबमापक) कामाचं नाही, पेनिंग गेज बघा. १०⁻⁵ मिलिबार आलं की पुरे. त्याखाली जायचा हट्ट मला तरी हौसच वाटते.

कारण या दाबाला उरलेसुरले रेणू एकमेकांना धडकण्याआधी काही मीटर जातात. दोन इलेक्ट्रोडमधल्या १ सेंटीमीटरच्या फटीत ठिणगी पडायला हवाच नसते, १० किलोव्होल्ट निमूट उभे राहतात. प्रवाह वाहणार तो लेसरने कॅथोडवरून (ऋण इलेक्ट्रोड) उडवलेल्या धातूच्या प्लाझ्मातून (विद्युतभारित वायूतून). तेव्हा खरा वेळ कॅथोडला द्या. बारीक पॉलिश पेपर, मग अॅसिटोन, शेवटी आयसोप्रोपिल, आणि त्यानंतर उघडा हात लावायचा नाही. एकाच जागी शॉट पडत राहिले की खड्डा होतो आणि प्लाझ्मा निघायची तऱ्हाच बदलते, म्हणून टार्गेट, म्हणजे हाच कॅथोड, फिरवणारी मोटर आधीच चालवून बघा. लेसर न देताच फटीत ठिणगी पडत असेल तर पृष्ठभाग अजून खडबडीत किंवा मळका आहे. मोठा रेझिस्टन्स लावून व्होल्टेज हळूहळू चढवा.

फीडथ्रूचा (चेंबरच्या भिंतीतून वीज आत नेणारा जोड) बाहेरचा इन्सुलेटर पुसा, दमट धुळीवरून करंट सरकतो. एसी लवकर लावा. जास्तीचे बीएनसी कनेक्टर (सिग्नल केबलचे जोड) आणून ठेवा, ऐन वेळी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कोण पळणार?

स्कोपचा (ऑसिलोस्कोप) ट्रिगर फोटोडायोडवरून, म्हणजे लेसरचा उजेड टिपणाऱ्या सेन्सरवरून, घ्या. प्लाझ्मा साधारण सेकंदाला १० किलोमीटरने पसरतो, म्हणजे १ सेंटीमीटर ओलांडायला एक मायक्रोसेकंद. व्होल्टेज त्या सुमाराला कोसळायला हवं. केबलच्या दर मीटरला ५ नॅनोसेकंद उशीर धरा, नाहीतर प्रवाह मोजणाऱ्या रोगोव्स्की कॉइलचा सिग्नल आणि व्होल्टेज यांचा मेळच बसणार नाही.

लेसरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच डोळा जातो. गॉगलवर तोच आकडा छापलाय ना, हे प्रत्येकाने आपापलं बघायचं. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. २ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये १० किलोव्होल्टला १०० जूल असतात. तो रिकामा करणारा शॉर्टिंग रॉड नुसता टेकवून उचलू नका, अडकवूनच ठेवा, कारण रिकामा केलेला कपॅसिटर आपोआप थोडा परत चार्ज होतो.

सुरुवातीचे काही शॉट नोंदवा, पण हिशेबात धरू नका. त्यांत धातूपेक्षा पृष्ठभागावरचा हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजनच जास्त बोलतो.