मुत्सद्द्याचं चरित्र वाचायचं कसं? तो हरला तिथून सुरुवात करा

एमपीएससीच्या नोट्स काढणारे असोत, मराठी विकिपीडियावर लेख लिहिणारे असोत की नुसते हौशी वाचणारे, मुत्सद्द्याचं चरित्र समोर आलं की सगळे तेच करतात. जन्म, शिक्षण, अमुक साली राजदूत, तमुक साली मंत्री, झालं. दोन दिवसांनी विचारा, एक अक्षर आठवत नाही. पद का मिळालं आणि ते कुणाच्या डोळ्यांत खुपलं हे त्या यादीत नसतंच ना.

म्हणून उलटं वाचा. माणूस कुठे हरला ते आधी शोधा आणि तिथून मागे जा. उदाहरणाला टांझानियाचे सलीम अहमद सलीम घेऊ. कोफी अन्नान सगळ्यांना माहीत असतात, पण त्यांच्या १५ वर्षं आधी सलीम संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसपदाच्या अगदी दारापर्यंत जाऊन परत आले होते.

तर हार आहे १९८१ ची. तेव्हाचे सरचिटणीस कुर्त वाल्डहाइम यांच्या दोन टर्म झालेल्या, तिसरी हवी होती, आणि समोर ३९ वर्षांचे सलीम. इथे नियम आधी डोक्यात बसवा नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. सरचिटणीस आमसभा नेमते, पण सुरक्षा परिषद शिफारस करेल तेच नाव, आणि १५ जणांच्या परिषदेत ९ मतं तर लागतातच, शिवाय पाच कायम सदस्यांपैकी एकानंही व्हेटो टाकता कामा नये. पहिल्या फेरीत सलीमना ११ मतं पडली, वाल्डहाइमना १०. मतांत दोघं पास आणि तरी दोघं नापास, कारण सलीमना अमेरिकेनं अडवलं आणि वाल्डहाइमना चीननं. मग फेऱ्यांवर फेऱ्या, आठवडेच्या आठवडे गेले, चीननं वाल्डहाइमना एकूण १६ वेळा व्हेटो केला. डिसेंबरमध्ये परिषदेचं अध्यक्षपद युगांडाचे ओलारा ओटुनू यांच्याकडे आलं, त्यांनी दोघांनाही बाजूला व्हायला राजी केलं आणि खुर्ची गेली पेरूच्या पेरेझ द क्वेयार यांच्याकडे.

आता कागदावर दोनच प्रश्न लिहा. चीन एवढा का अडून बसला? आणि अमेरिकेला हा माणूस का नको होता? गंमत म्हणजे दोन्ही उत्तरं बऱ्याच अंशी एकाच दिवशी सापडतात, २५ ऑक्टोबर १९७१. त्या दिवशी आमसभेत ठराव २७५८ पास झाला, ७६ विरुद्ध ३५, १७ तटस्थ, आणि संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा तैवानकडून बीजिंगला मिळाली. सलीम तेव्हा टांझानियाचे कायम प्रतिनिधी, या ठरावासाठी राबलेल्यांपैकी एक. निकाल लागल्यावर टांझानियाच्या लोकांनी सभागृहातच नाच केला, तेव्हाच्या बातम्यांत आहे ते. आणि त्या सभागृहात अमेरिकेची बाजू लढवून हरलेला माणूस कोण, तर थोरले जॉर्ज बुश. १९८१ मध्ये हेच बुश अमेरिकेचे उपाध्यक्ष होते! म्हणून म्हणतो, चरित्र वाचताना समोरच्या बाकावर कोण बसलं होतं आणि दहा वर्षांनी तो कुठे पोचला हे शेजारच्या कॉलममध्ये लिहायची सवय लावा.

पण सगळं त्या नाचावर ढकलून मोकळे होऊ नका, किस्सा चटपटीत असला की बाकीची कारणं दिसेनाशी होतात. सलीम वसाहती संपवण्यासाठी नेमलेल्या २४ देशांच्या समितीचे अध्यक्ष होते, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी सरकारविरुद्ध उघड बोलायचे, रेगन सरकारला असा माणूस त्या खुर्चीत परवडणारा नव्हता. चीनच्या बाजूनं बघायचं तर दार-ए-सलामपासून झांबियातल्या कापिरी म्पोशीपर्यंत सुमारे १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे चीननं १९७० च्या दशकात बांधून दिली होती, त्यामुळे टांझानियाशी संबंध नुसते भाषणापुरते नव्हते. शिवाय चीनला तिसऱ्या जगातला सरचिटणीस हवाच होता. आता परत पदांची यादी बघा, १९६९ मध्ये सलीम काही काळ बीजिंगला राजदूत होते ही ओळ एरवी नजरेतून निसटते, आता निसटणार नाही.

अजून मागे चला. हा माणूस २२ व्या वर्षी इजिप्तमध्ये राजदूत होता. २२! आपल्याकडे त्या वयात पोरगं अजून सीएच्या अटेम्प्टला बसलेलं असतं. अशी ओळ दिसली की 'किती हुशार' म्हणून पुढे जायचं नाही, त्या साली त्या देशात काय झालं ते बघायचं. सलीम जन्मले १९४२ मध्ये झांझिबारात. झांझिबार १० डिसेंबर १९६३ ला स्वतंत्र झालं, १२ जानेवारी १९६४ ला क्रांती झाली, सुलतान पळाला, २६ एप्रिलला समोरच्या किनाऱ्यावरच्या टांगानिका देशाशी विलीनीकरण होऊन आजचा टांझानिया उभा राहिला. सगळं जेमतेम साडेचार महिन्यांत. एवढ्यात अनुभवी लोक आणायचे कुठून, जे तरुण चळवळीत होते त्यांनाच बाहेर पाठवलं. हुशारी होतीच हो, पण दार उघडलं ते त्या वर्षानं.

इजिप्तनंतर १९६५ ते ६८ ते दिल्लीत उच्चायुक्त होते आणि सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकलेही. राजदूत नाही, उच्चायुक्त, कारण दोन्ही देश राष्ट्रकुलातले. नोट्समध्ये ही चूक फार दिसते.

मागे जाऊन झालं, आता १९८१ च्या पुढे या. हरलेला माणूस नंतर काय करतो हे बघायचं. १२ एप्रिल १९८४ ला पंतप्रधान एडवर्ड सोकोइने मोटार अपघातात गेले आणि सलीम पंतप्रधान झाले, दीड वर्षाच्या आसपास राहिले. इथे एक वेगळा रकाना ठेवा, घरचं राजकारण. जगात नाव मोठं म्हणून घरी मतं मिळतातच असं नाही, २००५ मध्ये त्यांनी टांझानियातल्या सत्ताधारी सीसीएम पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली, शेवटच्या तिघांत पोचले, आणि तिकीट जकाया किक्वेते घेऊन गेले.

यात सगळ्यात जास्त वेळ द्या १९८९ ते २००१ ला. ही १२ वर्षं ते आफ्रिकन एकता संघटनेचे सरचिटणीस होते, अदिस अबाबाला. इथे भाषणं नका वाचत बसू, संस्थेचा नियम वाचा. या संघटनेचा मूळ नियम असा की सदस्य देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही. वसाहतीतून नुकत्याच सुटलेल्या देशांना तो हवाच होता, पण पुढे हुकूमशहांची ती ढाल झाली. सलीम यांच्या काळात १९९३ ला कैरोत संघर्ष रोखण्यासाठी यंत्रणा ठरली, आणि पुढच्याच वर्षी रवांडात नरसंहार झाला, यंत्रणा कागदावर राहिली. २००० मध्ये टोगोतल्या लोमेला, या संघटनेच्या जागी येणाऱ्या आफ्रिकन युनियनचा जो करार मंजूर झाला त्याच्या कलम ४ मध्ये नरसंहार, युद्धगुन्हे असतील तर हस्तक्षेप करायचा हक्क लिहिला गेला. १९६३ चा नियम आणि २००० चं कलम शेजारी शेजारी ठेवून वाचा, मधलं रवांडा लक्षात ठेवून. त्याचं श्रेय एकट्या सलीमना देऊ नका, करार देशांचे प्रमुख करतात, सरचिटणीस फार तर ढकलत राहतो.

आणि कुठलाही शांतता करार समोर आला की सही कुणी केली नाही ते आधी बघा. सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुरमधल्या बंडावरच्या वाटाघाटींत सलीम आफ्रिकन युनियनचे दूत होते, ५ मे २००६ ला नायजेरियातल्या अबुजात करार झाला, ठळक बातमी तीच. सही केली सुदान सरकारनं आणि बंडखोरांपैकी मिन्नी मिन्नावी यांच्या गटानं. अब्दुल वाहिद यांचा बंडखोर गट आणि जेम ही आणखी एक बंडखोर संघटना, दोघांनी नाही केली, आणि लढाई काही थांबली नाही. वहीत करार आणि त्याखाली ही दोन नावं, एवढी नोंद पुरते.