रंगीत दगडांच्या रविवारची तयारी

नाताळच्या सुट्टीत सोसायटीतल्या मुलांना जमवून दगड रंगवायचे आणि आवारात लपवायचे, असं घाटत असेल तर पंधरा दिवस आधी कामाला लागा. हिवाळाच बरा. पावसाळ्यात दगड आतून ओला असतो, रंगाला पोपडे येतात. मे महिन्यात उन्हात पडलेला काळा दगड दुपारी हातात धरवत नाही. अमेरिकेत केप कॉडच्या किनाऱ्यावर मेगन मर्फी यांनी २०१५ मध्ये गोट्यांवर धीराचे दोन शब्द लिहून ते तिथेच सोडायला सुरुवात केली आणि हा छंद लांबवर पोचला. २०२०च्या टाळेबंदीत ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी रस्त्याकडेला रंगवलेल्या दगडांच्या लांबलचक रांगा लागल्या, रोज कुणीतरी येऊन आपला एक दगड शेपटाला जोडायचं. यात मला सगळ्यात भावतं ते हे, की आपला दगड कुणाच्या हाती लागणार हे रंगवणाऱ्याला ठाऊकच नसतं. म्हणून तयारी त्या अनोळखी माणसाचा विचार करून करायची.

आधी दगड. मोठ्यांच्या तळहातात मावेल एवढा, एक बाजू सपाट असलेला गोटा शोधा. लिंबापेक्षा लहान नको, रांगतं मूल तोंडात घालतं. माणशी दोन धरा आणि वर दहा-बारा जास्तीचे ठेवा. नदीपात्रातून पोतंभर उचलून आणू नका. त्या दगडांखाली खेकडे, किडे राहतात. नर्सरीत गोटे विकत मिळतात, पण त्यांना बऱ्याचदा चकाकीसाठी तेल किंवा मेण लावलेलं असतं. भांड्यांच्या साबणाने घासून धुवा, पॉलिश पेपर फिरवा आणि दोन दिवस उन्हात वाळवा. कोकणात असाल तर जांभ्याच्या नादी लागू नका, तो सच्छिद्र, रंग पीतच राहतो. देशावरचा काळा कातळ रंग छान धरतो, मात्र काळ्यावर थेट पिवळा दिला की मळकट हिरवट दिसतो. आदल्या दिवशीच मोठ्यांनी पांढऱ्या रंगाचे दोन हात मारून ठेवावेत, म्हणजे मुलांना लगेच सुरुवात करता येते.

रंग ॲक्रिलिकच घ्या. शाळेतले पोस्टर कलर पहिल्या दवातच ओघळतात, आणि ऑइल पेंट वाळेपर्यंत मुलांचा धीर सुटतो. लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा एवढ्या पाच बाटल्या पुरतात, बाकीचे रंग मुलं ताटलीत स्वतः करतात आणि ते करण्यातच त्यांना खरी गोडी असते. एक जाड ब्रश, एक बारीक, इअरबड, काडेपेटीच्या काड्या, जुनी वर्तमानपत्रं, अंगावर चढवायला बाबांचे जुने शर्ट. काडीचं मागचं टोक रंगात बुडवून दगडावर उभं टेकवलं की गोल, टपोरा ठिपका उमटतो. ज्या आजींचा हात रांगोळीवर बसला आहे, त्यांना इथे मुख्य जागी बसवा. ठिपक्यांची ओळ सरळ कशी ठेवायची, हे त्यांच्याइतकं नीट कुणी शिकवणार नाही. चमकी, टिकल्या, प्लॅस्टिकचे डोळे घरीच राहू द्या. ते सुटून मातीत जातात, पक्षी टिपतात.

शेवटी पारदर्शक वॉर्निश. साधा पांढरा गोंद चालत नाही, पाण्याने तो मऊ पडतो आणि दुधाळ होतो. मार्करने अक्षरं काढली असतील तर ब्रशने वॉर्निश लावताना शाई फिसकटते. त्याऐवजी स्प्रे आणा, पहिला हात अगदी हलका द्या, तो सुकल्यावर दुसरा. हे काम मोठ्यांचं: गच्चीवर, तोंडाला मास्क लावून, मुलांना खाली ठेवून. मग रात्रभर वाळू द्या.

काय रंगवू नये, याचं बोलणं रंगाच्या बाटल्या उघडण्याआधी व्हायला हवं. गणपती, विठोबा, शिवाजी महाराज मुलांना प्रिय असतात, आणि पहिला हात तिकडेच जातो. पण हा दगड जमिनीवर राहणार, त्याला कुणाचा तरी पाय लागणार. त्यांची चित्रं कागदावर काढून घेऊ. पूर्ण शेंदरी दगडही नको. आपल्याकडे झाडाखाली शेंदरी दगड दिसला की येणारा-जाणारा हात जोडतो, कुणी फूल वाहतं, आणि एकदा फूल पडलं की तो दगड हलवायची कुणाची छाती होत नाही. म्हसोबा, वेताळ यांची ठाणी अशीच शेंदराने ओळखू येतात. लोकांच्या श्रद्धेच्या वाटेत आपला खेळ आणू नये. पिंपळाचा किंवा वडाचा पार, देवळाचं आवार, तिठा या जागाही टाळा. तिठ्यावर रंगीत दगड दिसला तर उतारा समजून लोक वळसा घालतात. मग उरतं काय? भरपूर. आंब्याची फोड, आकाशकंदील, घुबड, मासा, रिक्षा, मांजर. किंवा नुसते शब्द: ‘दमलात? बसा जरा.’ ‘आज आईला फोन करा.’

मागच्या बाजूला सोसायटीचं नाव आणि ‘घरी न्या किंवा दुसरीकडे लपवा’ एवढंच लिहा. मुलाचं पूर्ण नाव, फ्लॅट नंबर, फोन नंबर नको.

आठवडाभर आधी सेक्रेटरींना सांगा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वॉचमनकाका, झाडू मारणाऱ्या मावशी आणि माळीदादांना दोन दगड दाखवून ठेवा. नाहीतर सकाळी सातला सगळे कचऱ्याच्या डब्यात जातील. त्यांच्या मुलांनाही बोलवा. महापालिकेच्या बागेत करायचं तर उद्यान विभागाला विचारून करा. गडकिल्ले, अभयारण्यं, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान इथे मात्र अजिबात नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांतही रंगवलेले दगड सोडू नका असंच सांगतात.

लपवण्याचा नियम एकच: दगड वाकून डोळ्यांना दिसावा, त्यासाठी कुठे हात घालावा लागू नये. भिंतीतली भोकं, विटांचे ढीग, पालापाचोळा यांत विंचू, साप असतात. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला आणि कितीतरी जीव वाचले, पण आपण मुलांना त्या वाटेला जाऊच देऊ नये. कठड्यावर, खिडकीच्या छज्जावर दगड नको, खाली पडला तर डोकं फुटेल. गवत कापायचं मशीन फिरतं त्या हिरवळीवरही नको. मीटर रूम, पाण्याची टाकी, पार्किंगमधली चाकांमागची जागा वगळा. कुंडीच्या कडेला, बाकाखाली, जिन्याच्या पहिल्या पायरीशी, नळाजवळ ठेवा. लहानांचे दगड वेगळ्या भागात, त्यांच्या उंचीला.

कुठे काय ठेवलं याची यादी एकाच मोठ्या माणसाकडे असावी. महिनाभराने जे सापडले नाहीत ते तिच्यावरून गोळा करा आणि पुसट झालेले पुन्हा रंगवायला काढा. आणि मुलं दगड शोधायला निघतील त्या सकाळी दोन-चार दगड आपल्या पिशवीत राहू द्या. अर्ध्या तासाने एखादं मूल रिकाम्या हातांनी कोपऱ्यात उभं दिसेल; त्याच्या पुढच्या वळणावर एक हळूच ठेवून द्या.