प्रोसेसर तापतोय? नवा कूलर मागवण्याआधी या चुका टाळा

गेम सुरू करून वीसेक मिनिटं झाली की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) पडायला लागतात, पंख्यांचा आवाज वाढतो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा ९० ओलांडतो. लगेच नवा कूलर मागवला जातो. तो बसवल्यावरही आकडा तिथल्या तिथेच राहतो, कारण दोष कूलरमध्ये नव्हताच. आकडा किती आहे यापेक्षा तो किती वेळात आणि कधी चढतो, हे आधी बघायला हवं. खरं कारण तिथेच सापडतं.

त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो६४ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. उघडताना फक्त सेन्सरचा पर्याय निवडा. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर टीसीटीएल/टीडाय, तर इंटेलवर सीपीयू पॅकेज ही ओळ बघा. थर्मल थ्रॉटलिंगसमोर ‘येस’ आलं असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतोय. मग खोलीचं तापमान लिहून ठेवा आणि प्रोसेसरवर ताण टाकणाऱ्या सिनेबेंच आर२३ या सॉफ्टवेअरची दहा मिनिटांची मल्टिकोअर (सगळे कोअर राबवणारी) चाचणी लावा. पहिल्या दहा सेकंदांत नजर हलवू नका.

लोड पडताच तीन-चार सेकंदांत आकडा थेट मर्यादेला भिडला, तर कूलर प्रोसेसरवर नीट टेकलेला नाही किंवा पाण्याच्या कूलरचा पंप बंद आहे, असा पहिला संशय घ्या. दहा-पंधरा मिनिटांत सावकाश चढला तर धूळ, कॅबिनेटमधली कोंडलेली हवा किंवा खोलीची उष्णता. सिनेबेंचमध्ये ठीक आणि गेममध्येच जास्त, तर ग्राफिक्स कार्डाची गरम हवा बाहेर पडत नाहीये. काहीच चालू नसताना ६०-७० वर अडकलेला असेल, तर पाठीमागे काहीतरी चाललंय किंवा पंप थांबलाय.

मर्यादा माहीत नसताना घाबरणं

प्रत्येक प्रोसेसरची कमाल मर्यादा वेगळी असते. रायझन ५ ५६०० ची ९० अंश, रायझन ७ ७८००एक्स३डीची ८९, तर ७६००एक्स आणि ७७००एक्सची ९५. हे शेवटचे दोन सगळ्या कोअरवर लोड आला की ९५ पर्यंत जाऊन तिथेच थांबतील, अशाच पद्धतीने बनवलेले आहेत. म्हणून वर सांगितलेली तीन-चार सेकंदांची खूण त्यांना सरसकट लावू नका. हीच गोष्ट इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या मोठ्या के मॉडेलची (नावाच्या शेवटी ‘के’ असलेल्या). त्यांची मर्यादा १०० अंश आहे. गेममध्ये सहसा सगळे कोअर एकाच वेळी राबत नाहीत, त्यामुळे तिथे ७० ते ८० अंश ही काळजीची बाब नाही.

दुसरं म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा. कोणताही हवेचा किंवा पाण्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ७२ दाखवणारं मशीन मे महिन्यात नागपुरात किंवा चंद्रपुरात ३८ अंशांच्या खोलीत साधारण ८५ दाखवेल. त्यात बिघाड काहीच नाही. खोलीचं तापमान वजा करून जो फरक उरतो तो वाढला, तरच कारण शोधायला बसा.

कूलर बसवताना होणाऱ्या चुका

सगळ्यात जास्त गडबड इथे होते.

कूलरच्या तळाची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म काढायची राहून जाते. नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी ९५ दिसत असेल तर आधी हेच तपासा.

इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार पुशपिना असतात. एकाच बाजूच्या दोन्ही पिना आधी दाबल्या की कूलर तिरपा बसतो आणि समोरची पिन अर्धवट राहते. वरून बघितलं तर चारही बसल्यासारख्याच दिसतात. बसवण्याआधी प्रत्येक पिनेचं डोकं बाणाच्या उलट दिशेला फिरवून ठेवा, मग समोरासमोरच्या तिरक्या जोड्यांनी दाबा. प्रत्येक पिनेचा ‘टक’ असा आवाज यायला हवा. त्यानंतर कॅबिनेटची मागची बाजू उघडून मदरबोर्डच्या पाठीमागून चारही पिनांची टोकं सारखीच बाहेर आलीत का, ते टॉर्च लावून बघा. स्क्रूचा कूलर असेल तर एकेक स्क्रू पूर्ण आवळू नका. तिरक्या क्रमाने प्रत्येकी दोन-दोन फेरे देत चारही स्क्रू थांबेपर्यंत जा.

एएम४ (५६०० सारख्या जुन्या रायझनचं सॉकेट) बोर्डावरचा कूलर काढताना सरळ वर ओढला, तर प्रोसेसर आणि कूलरच्या मधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा. मशीन बंद करून वायर काढा, पकड सोडवा, कूलर डावी-उजवीकडे हलक्या हाताने फिरवा आणि सैल झाला की मगच उचला. एएम५ (७६००एक्ससारख्या नव्या रायझनचं सॉकेट) आणि इंटेलमध्ये पिना सॉकेटात असतात आणि प्रोसेसर वरच्या पट्टीखाली धरलेला असतो, म्हणून हा धोका नाही.

पेस्ट किती लावायची यावर वाद फार होतात. नेहमीच्या विद्युत-अवाहक पेस्टमध्ये थोडी जास्त झाल्याने नुकसान होत नाही, फक्त पसारा होतो. कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात. मध्यभागी वाटाण्याच्या लहान दाण्याएवढी पेस्ट बहुतेक ठिकाणी पुरते. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीचा प्रोसेसर लांबट आहे, तिथे लांबीच्या दिशेने एक रेघ ओढा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण पुसा. जुन्यावरच नवी लावू नका. एकदा टेकवलेला कूलर उचलून परत ठेवला तर मधे हवा अडकते, तेव्हा पुसून पुन्हा सुरुवात करा. पेस्टऐवजी लावतात त्या लिक्विड मेटलच्या वाटेला घरी जाऊ नका. त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खातं आणि बोर्डावर सांडलं तर शॉर्ट करतं.

पंप आणि पंख्यांच्या वायरी

पाण्याच्या कूलरचा पंप चुकून कॅबिनेट फॅनच्या पिनांवर जोडला, तर बायोस (मदरबोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) त्याला पंखा समजून वेग उतरवतो. पंपासाठी वेगळी जागा असते. तिथे जोडा आणि बायोसमध्ये तो कायम १०० टक्क्यांवर ठेवा. आरपीएम शून्य दिसत असेल तर आधी वायर तपासा, मगच पंप गेला असं म्हणा. काही मॉडेलचा पंप पॉवर सप्लायमधून येणाऱ्या साटा वायरवर चालतो, ती वायर निसटलेली असू शकते. आतली हवा सगळ्यात उंच जागी गोळा होते, म्हणून रेडिएटरचा (पाणी थंड करणाऱ्या जाळीचा) वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा.

कॅबिनेट कोंडून ठेवणं

एक सोपी चाचणी: कॅबिनेटचा बाजूचा पत्रा किंवा काच काढा आणि तोच गेम अर्धा तास चालवा. तापमान सहा-सात अंशांनी किंवा जास्त उतरलं, तर अडचण हवेच्या वाटेत आहे. फरकच पडला नाही तर पंखे वाढवून उपयोग होणार नाही.

आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलला खाली दार असलेला कप्पा असतो. गेमिंग मशीनसाठी ती जागा अगदी वाईट, कारण मागून निघालेली गरम हवा तिथेच फिरून परत आत जाते. मशीन बाहेर काढा आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. पंख्यांची दिशाही बघा: ज्या बाजूला जाळीसारखा सांगाडा आणि मोटरचा आधार दिसतो, तिकडून हवा बाहेर पडते. समोरून दोन आत, मागून एक बाहेर, एवढ्यात बहुतेक कॅबिनेटचं भागतं. डेझर्ट कूलरचा झोत मात्र थेट मशीनवर सोडू नका. त्या हवेतला ओलावा आणि तुषार बोर्डाला चालत नाहीत.

उभ्या टॉवर कूलरमध्ये धूळ पंखा आणि धातूच्या पट्ट्यांच्या मधे नमद्यासारखी जमते. बाहेरून ती दिसत नाही, पंखा सोडवूनच बघावं लागतं. मशीनची वायर काढून ब्लोअर मारा, पण पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर ती अतिवेगाने फिरून बेअरिंग खराब करतात.

बायोस आहे तसाच सोडणं

अनेक मदरबोर्ड इंटेलच्या वीजमर्यादा परस्पर उठवून ठेवतात. आय५-१२४००एफचा मूळ आकडा ६५ वॉट आणि कमाल ११७ वॉट, तर १३७००केचे १२५ आणि २५३. पीएल१ (मूळ) आणि पीएल२ (कमाल) मध्ये चार आकडी संख्या दिसली तर तिथे हे आकडे स्वतः भरा. १३व्या-१४व्या पिढीचे मोठे प्रोसेसर असतील तर बायोस अद्ययावत करणं टाळू नका. त्यांच्यात जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती आणि त्यासाठी इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) सुधारणा दिल्या. मात्र हे काम यूपीएसवरच करा. मधेच लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

रायझन ७७००एक्सवर ६५ वॉटचा इको मोड (वीज कमी घेण्याची सेटिंग) लावला की प्रत्यक्ष मर्यादा ८८ वॉटवर येते. तापमान बरंच उतरतं आणि गेममधला फरक सहसा जाणवतही नाही. नवा कूलर घेण्याआधी हे करून बघाच. कर्व्ह ऑप्टिमायझर (रायझनचं व्होल्टेज कमी करण्याची सेटिंग) वापरायचा तर सगळ्या कोअरला उणे १० पासून सुरुवात करा. मशीन नुसतं चालू असताना रीस्टार्ट व्हायला लागलं तर आकडा शून्याकडे आणा.

एफपीएस मोकाट सोडणं

१४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ३५० एफपीएस काढताना प्रोसेसर विनाकारण राबतो. १४० ला बांध घाला. नवा गेम पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) तयार होताना प्रोसेसर १०० टक्के चालतो; ते संपण्याआधी तापमानावरून निष्कर्ष काढू नका. क्रॅक केलेल्या गेमबरोबर कधी मायनरही (लपून क्रिप्टो चलन काढणारा प्रोग्राम) येतो. टास्क मॅनेजर उघडताच लोड गायब होणं ही त्याची खूण, म्हणून लोड एचडब्ल्यूइन्फोमध्येच बघा.

एवढं करूनही आकडा हटला नाही, तरच कूलर बदला. ६५ वॉटच्या प्रोसेसरला चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) आणि १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर पुरतो. २५३ वॉटच्या के मॉडेलला पूर्ण लोडवर ३६० मिलिमीटरचा रेडिएटर लागतो. पैसे भरण्याआधी कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची बघा. असे बरेच टॉवर १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात, आणि अरुंद कॅबिनेटमध्ये त्यांच्यावर बाजूची काच बसत नाही. उंच हीटसिंकची रॅम असेल तर पुढचा पंखा तिच्यावर टेकतो का, तेही मोजून घ्या.